बोटीवर औषध चालतं का

हिंगोली, ता. ४ जानेवारी १९३८

चि. हरिचंद यास द्वारकाअक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र घाईत लिहून राहिले, मागंपुढं झालं तर समजून घे. आफ्रिकेतून, मोंबाशाहून अन्सारचं पत्र आलं. अन्सार म्हणजे आमच्या शेजारच्या खाजा मियांचा मुलगा, आपल्या उत्तमसोबत तिथल्या तेलगिरणीत कामाला आहे. पत्र उर्दूत होतं. खाजा मियांनी ओट्यावर बसून वाचायला घेतलं आन मधीच थांबले. म्हणाले, "भाभी, पहले पानी पी लो."

गिरणीतला वाफेचा नळ फुटला. वाफ उत्तमच्या तोंडावर आली. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आहेत, ताप उतरत न्हाई. तापात बापाला हाका मारतो म्हणे. तुला ठाऊक आहे, हाच पोरगा बापाशी भांडून घरातून गेला. "तुमी दारू सोडाल तवा मी परत येईन," म्हणाला होता. तेव्हापासून मला पत्रं लिहितो, यांना कधी एक ओळ लिहिली न्हाई. आन आता यांनाच हाका मारून राहिला.

गिरणीच्या मालकानं एका माणसाचं डेकचं तिकीट दिलं आहे, बापाच्या नावावर. मला जाता येत न्हाई. परवान्याचे कागद मुंबईच्या अडत्याकडं आलेत. तू उतारूंचं सामान तपासायच्या कामावर आहेस, तुझ्याच बोटीवर यांची जागा होईल असं बघ.

एक विचारायचं होतं. यांना रोजचं एक औषध लागतं. पाच-सहा बाटल्या सोबत द्याव्या लागतील. बोटीवर औषध चालतं का? लगेच कळव.

तुझी,
अक्का

*

मुंबई, ता. ९ जानेवारी १९३८

ती. सौ. अक्का हीस हरिचंदचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. उत्तमला मी कडेवर घेऊन वाशिमच्या बाजारात हिंडवलेलं आहे. अक्का, धीर सोडू नकोस. मी अडत्याकडे जाऊन आलो. दाजींची जागा आमच्याच बोटीवर केली आहे. पाच फेब्रुवारीला सुटेल. नऊ-दहा दिवसांत मोंबासा.

औषध चालतं. डॉक्टरची चिठ्ठी सोबत असली की झालं. चढताना बोटीचा डॉक्टर प्रत्येकाला बघतो, त्याला चिठ्ठी दाखवायची. पण औषध कसलं? दाजींना काय झालं आहे? तू कधी लिहिलं नाहीस.

आणि एक गोष्ट मनात आली ती लिहितो, रागावू नकोस. डेकच्या उतारूंना बोटीवर दारूचा थेंब मिळत नाही. म्हणजे नऊ-दहा दिवस दाजींना ती न घेता काढावे लागतील. मला तर वाटतं, हे बरंच होईल. समुद्राची हवा लागेल, सवय तुटेल, आणि पोरासमोर ते शुद्धीत उभे राहतील.

तुझा,
हरिचंद

*

हिंगोली, ता. १४ जानेवारी १९३८

चि. हरिचंद यास आशीर्वाद.

औषध म्हणजे मोहाची दारू. तुला खोटं लिहिलं, कारण खरं लिहायला हात होईना.

तू लिहितोस सवय तुटेल. आमी एकदा तोडून पाहिली आहे. मागल्या श्रावणात हे औंढ्याला गेले आन नागनाथासमोर हात जोडून सोडून आले. मी गल्लीत गूळ वाटला. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी घाम सुटला, पोटात पाणी टिकंना. तिसऱ्या दिवशी कामावर, कापसाच्या जिनिंगच्या आवारात इंजिनापाशी उभे होते तिथंच पडले. तोंडाला फेस, हातपाय ताठ. चौघांनी उचलून घरी आणलं. भिंतीवरून मुंगळे येऊन राहिले म्हणून ओरडत होते. मला वळखंनात. "ही बाई कोन, हिला बाहेर काढा," म्हणाले.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी पाहिलं आन माझ्यावरच चिडले. म्हणाले, इतक्या वर्षांची दारू एकदम तोडायची नसते, माणूस मरतो. कमी कमी करत जा, महिने लागतील. तेव्हा मी कलालाच्या दुकानी गेले, हरिचंद. पदर तोंडावर घेऊन गेले. आन माझ्या हातानं यांना चमच्या-चमच्यानं पाजली. दिवस मावळायला डोळे उघडले, माझं नाव घेतलं.

तेव्हापासून मीच मापून देते. सकाळी एक घोट पोटात गेला की हात थरथरायचा थांबतो आन हे कामावर जातात. गावात लोक मला काय म्हणतात ते इथं लिहीत न्हाई.

आता तू सांग. दहा दिवस न देता यांना बोटीवर कसं पाठवू? आन न पाठवू तर उत्तमला काय सांगू? सामान तू तपासतोस. तू नजर फिरवलीस तर बाटल्या जातील. मी तुझ्याकडं आजवर काही मागितलं न्हाई.

अक्का

*

मुंबई, ता. १९ जानेवारी १९३८

ती. सौ. अक्का हीस नमस्कार.

तुझं पत्र मी वाचून खिशात ठेवतो आणि परत काढून वाचतो. मला हे काही माहीत नव्हतं. मागच्या पत्रात जे लिहिलं त्याची लाज वाटते.

पण अक्का, इथली गत ऐक. बाहेरची दारू बोटीवर कुणालाच आणता येत नाही. वरच्या वर्गातल्या साहेबांना बोटीवरच्या बारमध्ये विकत मिळते, डेकच्या माणसाला तीही नाही. डेकच्या उतारूच्या सामानात बाटली सापडली तर ती जप्त होते आणि त्याला धक्क्यावरच उतरवतात. मी एकटा तपासत नाही, माझ्या मागे एक गोरा अधिकारी उभा असतो. तो मधूनच एखादी पेटी पुन्हा उघडायला लावतो. कुणाची उघडेल ते त्यालाही आधी ठाऊक नसतं.

बोटीच्या डॉक्टरला खरं सांगावं असं मनात आलं. मी त्याला दुसऱ्याच कुणाचं म्हणून विचारून पाहिलं. तो म्हणाला, "असा माणूस मी चढूच देत नाही. समुद्रात त्याला सांभाळायची सोय नाही." म्हणजे खरं सांगितलं तर दाजी चढत नाहीत, आणि न सांगता चढले तर तिसऱ्या दिवशी काय होईल ते तू लिहिलंच आहेस. पुढची बोट महिन्यानं. अन्सारनं लिहिलंय तसा ताप असेल तर महिना कुणाच्या हातात आहे?

एवढं मात्र कर. आजपासून माप कमी करायला लाग. जेवढं कमी होईल तेवढं कर.

हरिचंद

*

हिंगोली, ता. २४ जानेवारी १९३८

रा. रा. हरिचंद यांस माणिकरावचा रामराम.

तुमची पत्रं तुमच्या अक्कानं तांदळाच्या डब्यात ठेवली होती. मी काढून वाचली. तिला ठाऊक न्हाई. अक्षर वाकडं आहे. सकाळचा घोट अजून घेतला न्हाई म्हणून वाकडं. पण हे पत्र न घेताच लिहायचं असं ठरवलं.

माप निम्म्यावर आणलं आहे. रात्री झोप लागत न्हाई, बाकी उभा आहे. तिच्या बोलण्यावर जाऊन तुमी तुमची नोकरी धोक्यात घालू नका. मला तसंच चढवा. पोरानं एकच गोष्ट मागितली होती, ती मी दिली न्हाई. आता त्याच्यासमोर बाटली घेऊन जाऊ काय?

फक्त एक करा. तिसरा दिवस लागला की मला कठड्याजवळ जाऊ देऊ नका. त्या टायमाला मी माझा नसतो. दोरीनं बांधलं तरी चालंल. मोंबाशाला उतरायच्या आधी तेवढं सोडा, पोराला बांधलेला दिसू नये. आता लिहिताना ध्यानात आलं, त्याला दिसणारच न्हाई.

माणिकराव मिस्त्री

*

मुंबई, ता. ४ फेब्रुवारी १९३८

ती. सौ. अक्का हीस नमस्कार.

दाजी काल सकाळी अकोल्याच्या गाडीनं सुखरूप आले. तू गोधडीत शिवलेल्या बाटल्यांची त्यांना कल्पनाच नव्हती. कनेरगाव नाक्याला निजामाच्या जकातीच्या, करोडगिरीच्या शिपायानं गोधडी दाबून पाहिली तेव्हा त्यांना कळलं. दोन बाटल्या त्यानं ठेवून घेतल्या, बाकीच्या सोडल्या. दाजी तुझ्यावर चिडले होते. मग माझ्या खोलीत आल्यावर गोधडीवरचे तुझे टाके चाचपत बसले.

त्यांनी मला ती बोटीत नेऊ नका म्हणून बजावलं. मी ऐकलं नाही. त्यांची तब्येत मी डोळ्यांनी पाहिली आहे. नोकरांच्या पेट्या कुणी उघडत नाही. उरलेल्या बाटल्या मी माझ्या पेटीत ठेवल्या आहेत. रोज तू सांगितलेल्या मापानं देईन, आणि त्यातूनही थोडी थोडी कमी करीन. पेटीची दुसरी किल्ली दाजींजवळ दिली आहे, कारण मी कामावर असताना त्यांना लागली तर काय करायचं.

उद्या दुपारी बोट सुटेल. डॉक्टरसमोर उभं राहायच्या आधी त्यांना एक माप देईन, म्हणजे हात स्थिर राहील. अक्का, मला वाटतं आपण निभावून नेऊ. पोचल्यावर तार करतो.

हरिचंद

*

हिंगोली, ता. १६ फेब्रुवारी १९३८

श्री. माणिकराव यांच्या पायी सौ. द्वारकाबाईचा नमस्कार.

आज तार आली. पोस्टमास्तरांनी इंग्रजी वाचून सांगितलं, "पोचलो, उत्तम जिवंत आहे, पत्र येते." मी त्यांना पुन्हा वाचायला लावलं. घरी येऊन चूल पेटवली आन तिच्यासमोर नुसतीच बसले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, तुमाला पत्र लिहायची येळच आली न्हाई.  तुमी गेल्यापासून मी रोज मनात धरून बसले होते की आज तिसरा दिवस असंल, आज चौथा असंल. समुद्र मी पाहिला न्हाई, म्हणून नुसतं काळं पाणी डोळ्यांपुढं यायचं. आता ते गेलं.

उत्तमच्या उशाशी बसा. त्यानं काही लागंल असं बोललं तर उलटून बोलू नका. तो तुमचाच आहे, बोलणारच. त्याला म्हणावं आई रोज वाट बघून राहिली. तिकडं दारू मिळत असंल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांचं ऐका. मी रागावणार न्हाई.

खाजा मियांनी मशिदीत दुवा मागितली. मी औंढ्याला जाऊन अभिषेक करून येणार आहे.

सौ. द्वारका

*

मोंबासा, ता. १७ फेब्रुवारी १९३८

ती. अक्का हीस हरिचंदचा नमस्कार.

तारेत मी अर्धंच लिहिलं. पुरं लिहिणं माझ्यानं झालं नाही. तुझ्या हाती तार ठेवून पोस्टमास्तर निघून गेले असते आणि तू घरात एकटी राहिली असतीस, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं. आता सगळं लिहितो. खाजा मियांना जवळ बसवून वाच.

दाजी पोचले नाहीत.

पहिले दोन दिवस ठीक गेले. मी कपबशीतल्या कपानं माप देत होतो. दाजी डेकवर बसून इंजिनाचा आवाज ऐकायचे. "एक दांडा सैल आहे, ऐका," असं मला म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या. मला वाटलं, जमलं.

तिसऱ्या दिवशी वरच्या वर्गातल्या एका बाईंचा दागिना हरवला. कप्तानानं सगळ्या नोकरांच्या पेट्या उघडायचा हुकूम दिला. असं कधी होत नाही. मी खाली मालाच्या कोठीत होतो, मला वर येऊ देईनात. तासभर मी तिथं उभा राहून नोकरी गेली, दाजी गेले, असं म्हणत होतो. वर आलो तेव्हा माझी पेटी तपासून झाली होती आणि तिच्यात काहीच सापडलं नव्हतं.

दाजी मागच्या कठड्यापाशी उभे होते. मला बघून म्हणाले, "हरिचंद, तुमची पेटी रिकामी आहे. घाबरू नका." झडतीची बातमी डेकवर आली तसे ते किल्ली घेऊन माझ्या खोलीत गेले, बाटल्या धोतराच्या सोग्यात गुंडाळल्या आणि समुद्रात टाकून आले. मी त्यांच्या अंगावर ओरडलो. म्हणालो, "हे काय केलंत तुम्ही? एक तरी ठेवायची." ते म्हणाले, "तुमची नोकरी गेली तर माझ्या पोराला घरी कोन आणंल?" मग म्हणाले, "आता दोरी बघून ठेवा."

दुसऱ्या दिवशी घाम सुरू झाला. त्यानंतर दोन दिवस तू लिहिलं होतंस तसंच सगळं. त्यांना बोट म्हणजे जिनिंग वाटायला लागली. "पट्टा निसटला, इंजिन बंद करा, पोरगं आत आहे," असं ओरडत सुटले. मी डॉक्टरकडे गेलो आणि खरं काय ते सांगितलं. त्यानं त्यांना आजाऱ्यांच्या खोलीत घेतलं, झोपेचं औषध दिलं, रात्रभर स्वतः बसला. मला म्हणाला, "मुंबईला का सांगितलं नाहीस?" मी म्हणालो, "तुम्ही उतरवलं असतं." तो म्हणाला, "हो, उतरवलं असतं. जिवंत उतरवलं असतं."

बारमधल्या बटलरचे मी पाय धरले. त्यानं चहाच्या कपात ब्रँडी दिली, डॉक्टरही नको म्हणाला नाही. पण दाजींचे दात घट्ट मिटले होते. निम्मी गळ्यावर सांडली. एकदा शुद्ध आली तेव्हा त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, "तुमच्या अक्काला सांगा, मी मागितली न्हाई." अक्का, ते खरं आहे. त्या सगळ्या दिवसांत त्यांनी एकदाही मागितली नाही. दुसऱ्या सकाळी मोठा झटका आला आणि त्यात गेले. मोंबासा दोन दिवसांवर होतं.

बोटीवर अग्नी देता येत नाही. डेकवरच्या एका गुजराती म्हाताऱ्याजवळ गंगाजल आणि तुळस होती, ती त्यानं दिली. मी ती दाजींच्या तोंडात घातली. मला येत होतं तेवढं म्हटलं आणि त्यांना पाण्यात सोडलं.

धक्क्यावर अन्सार आला होता. तो माझ्या मागे कुणाला तरी शोधत होता. आम्ही तसेच दवाखान्यात गेलो. उत्तम जगेल असं इथले डॉक्टर म्हणतात, ताप उतरतो आहे, पण डोळे गेले. तो अर्धवट ग्लानीत होता. मी त्याचा हात हातात घेतला. बोलायला तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, "बाबा." मग माझी बोटं चाचपून बघितली आणि म्हणाला, "हात थरथरत नाही तुमचा. सोडली का?"

मी "व्हय" म्हणालो. दाजींसारखं म्हणालो.

तो हसला आणि झोपला. आज परत विचारत होता, तर अन्सारनं सांगितलं की बाबा दमलेत, झोपलेत. आमची बोट उद्या दक्षिणेकडे जाते. मार्चअखेर इथं परत येईल तेव्हा उत्तमला मी घेऊन निघेन. तोवर त्याला काय सांगायचं? तो अजून फार अशक्त आहे. तू सांगशील तसं मी करीन.

हरिचंद

*

हिंगोली, ता. ९ मार्च १९३८

चि. हरिचंद यास आशीर्वाद.

तुझ्या पत्राच्या पहिल्या ओळीत माझ्या नावामागं सौ. न्हवतं. पुढचं वाचायच्या आधीच कळलं. तरी मी सगळं वाचलं, दारात उभं राहूनच वाचलं. खाजा मियांना नंतर बोलावलं.

इतके दिवस मी कपाळाला कुंकू लावत होते. अभिषेक करून आले, गल्लीत साखर वाटली. बाया मला म्हणाल्या, नशीब काढलंस. तू तारेत अर्धं लिहिलंस त्यानं हे झालं. तुझ्यावर रागावते असं समजू नको. पण पुन्हा मला अर्धं लिहू नको.

बाटल्या कोणी शिवल्या, किल्ली कोणी दिली, याचा विचार मीही करून राहिले आन तूही करत असशील. तो थांबत न्हाई. मी पाठवलं नसतं तर हे आज ओट्यावर बसलेले असते, आन पोराच्या हाका मला इथपर्यंत ऐकू आल्या असत्या. पाठवलं तरी हे गेले. मला दुसरी वाट दिसली न्हाई, अजूनही दिसत न्हाई.

यांना लिहिलेलं माझं एक पत्र अन्सारच्या पत्त्यावर आलं असंल. ते उघडू नका. तिथंच पाण्यात सोड.

आता उत्तमचं. तू एकदा व्हय म्हणालास, त्या टायमाला दुसरं काय म्हणणार होतास? पण दुसऱ्यांदा म्हणू नको. डोळे गेले म्हणून त्याच्यापासून सगळंच झाकायचं न्हाई. तो मोठा झाला आहे. हे पत्र पोचलं की अन्सारला सोबत घे आन त्याला सांग. बाप निघाला होता, तुझ्याकडंच येत होता, वाटेत गेला. बाटल्या त्यानं स्वतः टाकल्या आन मागितल्या न्हाईत, हेही सांग. तो रडंल. रडू दे. तुझ्यावर ओरडंल, ऐकून घे.

त्याला घरी ठेवून कसं करायचं ते मी ठरवते आहे. जिनिंगच्या मालकांना भेटून आले. यांच्या जागी दुसरा मिस्त्री घेतला आहे, पण सरकीच्या कोठीवर मला काम देतो म्हणाले. उद्यापासून जाईन.

बोट मुंबईला कधी लागंल त्याची तार कर, पुरी कर. खाजा मिया मला घेऊन येणार आहेत. मी धक्क्यावर उभी राहीन. बोटीवरून उतरताना उत्तमचा हात दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नको. माझ्याच हातात दे. मी लांबूनच त्याला हाक मारीन, म्हणजे कोन आहे ते त्याला आधीच कळंल.

तुझी,
अक्का